राखलेला डाव

वस्ताद म्हणाले, न्या की माती,
पर हौद्यात बाईमाणूस उतरत न्हाई आमच्यात.
मी उंबऱ्याशी, हातात निर्जंतुक केलेला चमचा.
त्यांनी तो उलटसुलट पाहिला, परत दिला,
आणि मूठभर लाल माती हातानंच पिशवीत टाकली.
हळद, ताक, लिंबू, तेल,
चार पिढ्यांचा घाम.
नमुना क्रमांक त्रेसष्ट.

आधीच्या बासष्टांत रंकाळ्याचा गाळ होता,
पन्हाळ्याच्या पायथ्याचं वारूळ,
गुऱ्हाळाच्या चुलवणामागची काळी भुई,
सुभाषनगरात कातडं भिजवतात त्या कुंडाशेजारची ओल.
बशीत पेरायचं, झाकायचं,
सात दिवस थांबायचं. कधी चौदा.

भरमू हारुगले, वय एकोणीस.
गुडघ्याला नुसतं खरचटलं होतं.
त्याचा रिपोर्ट मीच टाइप केला:
सोळा औषधं, सोळा ओळी,
प्रत्येकीपुढं आर.
त्याच्या आईनं कागदावर बोट ठेवून विचारलं,
आर म्हंजे आराम न्हवं?
मी काय उत्तर दिलं, आठवत नाही.

वस्ताद सगळे डाव शिकवतो, एक राखतो.
आम्हीही राखला होता.
तो कोंबड्यांच्या खाद्यात गेला,
सर्दीत गेला, पडशात गेला,
कुणीतरी तीन गोळ्या कागदात बांधून दिल्या,
एकीनं बरं वाटलं,
दोन अजून फडताळात असतील.
जंतू मात्र रोज तालमीला येत होते.

नवव्या दिवशी त्रेसष्टच्या बशीत
खडूच्या भुकटीसारखा एक ठिपका
आणि त्याच्याभोवती कडं.
पेरले होते भरमूच्याच जखमेतले जंतू,
आणि कड्याच्या आत कुणी नव्हतं.
पेराएवढी मोकळी जागा.

मी ओरडले नाही.
अकरा वेळा ओरडून झालंय.
सात वेळा जुनंच औषध निघालं, आजोबांच्या वयाचं,
चार वेळा असं काही,
जे जंतूंच्या आधी मूत्रपिंड मारतं.
बशीवर तारीख घातली, फोटो काढला,
हात धुतले, पुन्हा धुतले.
भरमूचा पाय मांडीपासून काढला
त्याला तेव्हा आठ दिवस झाले होते.

संध्याकाळी वस्तादांचा फोन.
चालली का माती?
म्हटलं, कडं दिसतंय. पण औषध व्हायला
दहा वर्षं लागतील. झालं तर.
पलीकडं शड्डू ठोकल्याचे आवाज, कुणीतरी धापा टाकत होतं.
मग म्हणाले, आणखी लागंल की मग.
येताना चमचा जरा मोठा आणा.