घड्याळाची जागा

शनिवारी सकाळी आम्ही नऊ जण.
कधी सात. गव्हाची कापणी असली की तिघंच.
लोमा सेकाच्या फलाटावर
वाऱ्याची हजेरी मात्र कधी चुकत नाही.

गाडी बंद झाल्याला एकतीस वर्षं झाली.
आधी गाडी गेली, मग स्टेशनमास्तर,
मग रूळ भंगारात,
आणि शेवटी, हे कुणी मोठ्यानं बोलत नाही,
आम्हीच एकेक करून स्टेशन घरी नेलं.

कुणी दार नेलं, कुणी खिडक्यांच्या कड्या,
छपराचे पत्रे कोंबड्यांना.
स्लीपर तर अख्ख्या गावाच्या कुंपणात उभे आहेत,
काळे, तेलकट,
ऊन तापलं की अजून इंजिनाचा वास सोडणारे.

नेलिदाबाई शाळेतून निवृत्त झालेल्या.
वहीत दोन रकाने आखतात: काय होतं, काय आहे.
'काय होतं'ची पानं संपत आली.
एलेउतेरिओनं विचारलं, वस्तूच नाहीत,
तर म्युझियममध्ये ठेवायचं काय?
बाई म्हणाल्या, तू आधी भिंत खरवड.

वर राखाडी. त्याखाली पिस्ता. त्याखाली साय.
आणि साईखाली, तिकीटखिडकीच्या आतल्या अंगाला,
पेन्सिलीचं बारीक, तिरकं अक्षर:
'रोसारिओ, एक, बाकी.
विधवा कुंट्स, दोन, मूल अर्धं, बाकी.'
अशी सत्तावीस नावं,
उधारीच्या तिकिटावर गाव सोडून गेलेली.
काट एकाच नावावर. ओचोतोरेना.

रुबेन ओचोतोरेना ते वाचून पायरीवर जाऊन बसला.
तुंब्यातला माटे हातातच गार झाला.
'म्हणजे आजोबांनी फेडले होते,' एवढंच म्हणाला.
तेव्हापासून त्या भिंतीला
तो कुणाला ब्रश लावू देत नाही,
ओला फडकासुद्धा नाही.

त्याच आठवड्यात पहिली वस्तू आली.
रात्री. पोत्यात गुंडाळलेली पितळी घंटा,
आतला लोळा हरवलेला,
त्याजागी नांगराचा बोल्ट, तारेनं बांधून.
कुणी ठेवली, हे नेलिदाबाईंनी विचारलं नाही.
'काय आहे'खाली लिहिलं: घंटा. एक.

मग दार आलं, मांजरासाठी पाडलेल्या भोकासकट.
मग नावाची पाटी.
ती डुकरांच्या खुराड्याचं फाटक झाली होती;
'लोमा' शाबूत, 'सेका' अर्धं चावलेलं.
कंदील आला. तिकिटावर तारीख उठवायचं यंत्र आलं.
बाक आला, पण अर्धा.
दुसरा अर्धा मंगळवारी, दुसऱ्याच कुणाकडून.
त्या रात्री गावातली कुत्रीसुद्धा
ओळख असल्यासारखी गप्प होती.

आता घड्याळ तेवढं राहिलं.
भिंतीवर त्याचा गोल आहे, बाकी रंगाहून फिका.
एलेउतेरिओ म्हणतो,
शेवटची गाडी सहाला दहा कमी असताना सुटली,
काटे तिथेच रंगवून टाकू.
बाई म्हणतात, ती गाडी त्या दिवशी उशिरा आली होती,
मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.
दोन शनिवार याच वादात गेले.

मी काही बोलत नाही.
बारीक ब्रशनं त्या गोलाभोवती रंग देते,
कडेला न शिवता.

ते आमच्याकडे आहे.
आईच्या पलंगाखाली, बाबांच्या जुन्या पोंचोत.
बाबा सांधेवाले होते.
काटे सात पंचविसावर आहेत;
ते आपोआप थांबलं नाही, त्यांनी थांबवलं,
आणि किल्ली कोटाच्या खिशात ठेवली.
तोच कोट घालून त्यांना पुरलं.

आई म्हणते, आवाज तर त्याचा येत नाही,
पण पलंगाखाली काही नसलं
तर मला झोप लागायची नाही.

उद्या पुन्हा शनिवार.
मी एक पोतं धुऊन दोरीवर टाकलं.
आई दारात आली, पोत्याकडे बघत राहिली,
मग म्हणाली,
'वारा आहे. चिमटे नीट लाव.'