पाऊण भागिले पाव

पत्रात माझ्या नावापुढे 'सुलभक' असं छापलं होतं.
वैजयंता गांगुर्डे, सुलभक,
उच्च प्राथमिक, सर्व विषय, पाच दिवस,
पंचवटीतली शाळा, दुसरा मजला, खोली सात.
मला त्यातलं सुलभ एवढंच येत होतं
की सकाळी लवकर येऊन ओल्या फडक्यानं फळा पुसावा.

तिसऱ्या दिवसापर्यंत सगळे एकमेकांचे डबे ओळखू लागले.
मालेगावच्या उर्दू शाळेचे अन्सारी सर खजूर आणत,
सटाण्याच्या खैरनार बाई भाषा शिकवत, आणि जेवणानंतर
उघड्या डोळ्यांनी झोपत.
मी पडद्यावर चौकटी दाखवत होते,
विषयांचे परस्परसंबंध, बाण इकडून तिकडे.
अडीचला वीज गेली.
बाण गेले.

पंखा थांबला तशी गोदावरी वर आली,
धुणं आपटल्याचा आवाज, कुणाची तरी हाक.
तेव्हा पेठचे भोये सर उभे राहिले,
मुलं राहतात तसे, बाकाची कड धरून.
मॅडम, वीज येईपर्यंत एक विचारू?
पाऊण भागिले पाव. उत्तर तीन.
बावीस वर्षं शिकवतोय.
भागल्यावर वाढतं कसं?

कुणी हसलं नाही.
माझा हात खडूकडे गेला. तोंडात तयार होतं,
दुसरा उलटा करायचा, मग गुणायचं.
ते त्यांनाही येत होतं.
तेच त्यांनी मंगलीला सांगितलं होतं, सातवीत,
शेवटून दुसऱ्या बाकावर.
पण का, सर?
नियम आहे. बस खाली.
अशी बसली, सर म्हणाले,
की वर्षभर तिचा हात वर आला नाही.

खोलीत गणिताचे चौघे होते. चौघेही खिडकीबाहेर बघत होते.
पाचवी मी.

बोलल्या खैरनार बाई. म्हणजे जाग्या होत्या.
'भागिले' ऐकलं की आपण सुरीच काढतो,
तुकडे करायला बसतो.
तहान भागते तेव्हा काय कापतो हो आपण?
घरी पाहुणे आले की पातेल्यात डोकावून म्हणतोच ना,
एवढ्यात भागेल का?
पाऊण लिटर पाणी. माणशी पाव लिटर.
सांगा, किती जणांचं भागेल?

अन्सारी सरांनी आपली बाटली पुढे केली.
पाव आमच्याकडेही पावच, म्हणाले, पाऊणचं तेवढं पौन होतं.
तीन पेले भरले.
एक भोये सरांनी उभ्याउभ्याच संपवला,
एक बाईंनी. तिसरा माझ्यासमोर आला.
सरांनी बाटली उलटी करून दाखवली.
थेंब नव्हता.

वीज आली, बाणही आले. मी प्रोजेक्टर बंद केला,
कारण विज्ञानवाले भांडत होते
की हे पेले खरंच पाव लिटरचे कशावरून,
आणि इतिहासाच्या पगार बाईंना आजोळची पायली आठवली होती,
शेर, अदशेर, निपटं, कुणाच्या मापात किती खोट.
चहा गार झाला. वेळापत्रकात तेव्हा
'मूल्यमापनाची साधने' असं होतं.

पाचव्या दिवशी सीबीएसवर पेठच्या गाडीची वाट बघताना
सर म्हणाले, मंगली आता दिंडोरीला असते,
द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये.
वजन करून पाव-पाव किलोचे डबे भरते.
पाऊण किलोत तीन. हातांना पाठ असणार.
तो भागाकार आहे, एवढं कुणी सांगितलं नसेल तिला.
गाडी लागली. खिडकीतून ते आणखी काही म्हणाले,
ते कंडक्टरच्या घंटीत गेलं.

रात्री अहवाल भरायला घेतला.
उद्दिष्ट साध्य झाले काय?
पूर्णतः, अंशतः, नाही.
मी अंशतःवर खूण केली.
छेद लिहायला खाली जागा नव्हती.