वार

मंगळवारी पहाटे ती बेदाण्याच्या खोक्यात व्याली.
खोकं माझंच, चिंध्यांचं:
अस्तराचे तुकडे, फॉलच्या कडा,
कुणाच्या तरी साखरपुड्यातला उरलेला जांभळा खण.
आधी दोन दिवस सगळीकडे शिरून बघत होती,
कपाटात, मशीनखाली, शिवून ठेवलेल्या ब्लाउजांच्या गठ्ठ्यात.
मी हाकलत होते.
मला काय ठाऊक, ती जागेचं माप घेतेय.

चार पिल्लं.
ओली, मिटलेली, आमच्या तासगावच्या
काळ्या बेदाण्यासारखी सुरकुतलेली.
चौथं आलं तेव्हा गल्लीत दूधवाल्याची गाडी वाजली
आणि तिनं माझ्याकडे बघून तोंड उघडलं नुसतं.
आवाज नाही.
माझ्या वेळी म्हणे स्टँडपर्यंत ऐकू गेलं होतं.

दहाला बिरनाळे शेठांचा दिवाणजी दारात.
चप्पल काढून, चक्क.
"ताई, मांजर व्याली म्हणं. वार मिळंल का?
शेठना तिजोरीत ठेवायचीय. काय असंल ते देतील."
म्हटलं, वार गेले हो, आता सगळं मीटरवर.
नूतन काजं करता करता खुदकन हसली.
तो नाही हसला.
मग सांगितलं, खाल्ली तिनं.
"चारी?"
चारी. बाळंतिणीला कुणी डिंकाचे लाडू नव्हते आणले, दिवाणजी.
तो खोक्याकडे बघत राहिला,
लक्ष्मी डोळ्यांदेखत कुणी गिळावी तसा.

मुल्ला डॉक्टर फोनवर म्हणाले, गाईचं दूध नको,
हात कमी लावा, ऊब द्या,
आईला पोटभर घाला, बाकी तिला कळतं.
म्हणून उकडलेलं अंडं, बिनमिठाची भिजवलेली सुकट,
आणि पाण्याची वाटी दर दोन तासांनी.
इस्त्रीनं फडकी गरम करायची
आणि खोक्याच्या एकाच अंगाला सारायची,
म्हणजे नको झालं तर सरकता येतं.
चौथं सारखं मागं पडायचं.
मी उचलून दुधाला लावायचे,
तिघं ते ढकलायची,
रेशनच्या रांगेत असतं तसं.

पाचवीला खोक्यापाशी कोरा कागद ठेवला
आणि पेन सापडेना म्हणून मापाचा खडू.
माणसांच्या पोरांकडे येणारी सटवाई
जाता जाता इथंही डोकावत असेल.
नूतन म्हणाली, बाई, एवढीएवढी कपाळं,
काय मावणार त्यांवर?
सकाळी कागद तसाच.
खडूवर तिचा पाय पडून दोन तुकडे.
चौथं गार.

कढीपत्त्याखाली पुरलं, जांभळ्या खणातच.
मांजरांना मोजता येत नाही म्हणतात.
ती तीन दिवस
खोक्याचा तोच कोपरा चाटत होती.

मग सुरू झाली सात घरं.
मानगुटीला धरून एकेक:
पलंगाखाली, शेगडीच्या कोनाड्यात,
शेजारच्या मास्तरांच्या माळ्यावर रद्दीत,
आणि एका रात्री थेट बिरनाळ्यांच्या गोदामात,
बेदाण्याच्या क्रेटांमागं.
दिवाणजी स्वतः आला सांगायला,
"राहू द्या की आमच्याकडंच. शेठ रोज दूध लावतो म्हणाले."
त्याला म्हटलं, माझ्या हातात आहे का ते?
दोन दिवस राहिली.
तिसऱ्या दिवशी दुपारी कौलांवरनं परत,
तोंडात तांबडं, मग काळं, मग ठिपक्यांचं.

हे कितवं घर, मी मोजलं नाही.
तिघांचे डोळे उघडलेत, अजून निळेच,
आणि ती झोपतात मशीनच्या पायडलवर,
बरोबर माझं पाऊल पडतं तिथं.
लग्नसराई चाललीय.
मी उंबऱ्यात बसून हातानं शिवतेय.
पाटलांची सून दोनदा येऊन गेली ब्लाउजासाठी.
म्हटलं, गुरुवारी देते.
कुठल्या, ते नाही म्हटलं.