शेवटचा आठवडा आधी

पेइप्सी सरोवर अजून गोठलेलंच.
कृषी महाविद्यालयाच्या तळमजल्यावर
हेल्यू राउद्सिक बाईंना नवी यंत्रणा शिकवायला मी बसलो,
तेव्हा त्यांनी आधी नखांतली माती काढली,
मग चष्मा पुसला,
मग म्हणाल्या, हं, दाखव तुझं खेळणं.

पहिला रकाना :
अभ्यासक्रमाच्या अखेरीस विद्यार्थ्याला काय करता येईल?
बाईंनी लिहिलं, माती समजेल.
खाली लाल रेघ उमटली.
'समजणे' हे क्रियापद चालत नाही, मी म्हणालो,
ते मोजता येत नाही.
एकतीस वर्षं, बाई म्हणाल्या,
मी तेवढंच शिकवत आले.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी तेवीस बटणं वाटली,
दाबणाऱ्याचं नाव न सांगणारी.
बाई चिकणमातीवर पाऊण तास बोलल्या,
शेवटी नेहमीसारखं विचारलं, कळलं?
नेहमीसारख्या तेवीस माना हलल्या.
मग बटणं दाबली गेली.
पडद्यावर एकोणीस 'नाही'.

कुणी हसलं नाही.
बाहेर कुणीतरी फावड्यानं बर्फ ओढत होतं,
तेवढाच आवाज.
मला वाटलं, आता बाई वायर उपसणार.
आणि आठवलं,
सहा वर्षांपूर्वी तिसऱ्या बाकावर
मीही अशीच मान हलवली होती.

रात्री साडेअकराला त्यांचा फोन :
पंधराव्या आठवड्यापासून सुरू करू.
जून. ओले वाफे. पोरांच्या डोळ्यांवर पट्टी,
तळहातावर मूठभर माती,
आणि एकच प्रश्न, इथे बटाटा लावशील?
का?
तिथून उलट्या पावली मागे यायचं,
चौदाव्यात काय लागेल, तेराव्यात काय,
कळसाकडून पाया खणत.
हिमयुगाची त्यांची लाडकी दोन व्याख्यानं
वाटेत कुठेच बसेनात.
ती त्यांनीच खोडली.
पलीकडून पेन्सिल जरा अडल्यासारखी ऐकू आली.

सकाळी रकान्यात नवं वाक्य होतं :
विद्यार्थी ओली माती बोटांत वळेल,
वळी कुठे तुटते ते पाहून
चिकण, पोयटा, रेताड ओळखेल.
हिरवी खूण आली.
मी लॅपटॉप मिटायला घेतला
तर बाई म्हणाल्या, हात पुढे कर.

थंड, जड गोळा. मी वळत गेलो.
दोन बोटांवर तुटली.
पोयटा? मी विचारलं.
माझ्याकडे बटण नाही, बाई म्हणाल्या.
पुन्हा वळ.