चार मेगाबिट

गोठलेल्या तळ्यावर रेनडिअरची शर्यत सुटायची आहे,
आणि कौतोकेइनोतल्या या व्हॅनमध्ये रिस्टेनच्या हाती
सेकंदाला चार मेगाबिट.
एवढंच अंथरूण.
पाय मात्र आभाळभर:
बर्फ पडतोय.

बर्फासारखा उधळ्या कोणी नाही.
एकही कण मागच्या फ्रेममधल्या जागी सापडत नाही,
प्रत्येकाचा हिशेब नव्यानं मांडावा लागतो,
आणि एन्कोडर, इमानी कारकून, मांडत बसतो.
बफर काठाशी येतो. मग तो हात आखडता घेतो,
मोठ्ठ्या आकड्यानं भागतो, बाकी फेकून देतो,
आणि शिंगांचे ठोकळे होतात.

"चित्र फुटतंय," त्रोम्सोहून तोर्गेइर.
"दर वाढवून दे."
"दर नाही."

कुंपणाला टेकून म्हातारा इस्साट उभा आहे,
तासभर तसाच.
कारकुनाच्या वहीत त्याच्यापुढे:
मागील पानाप्रमाणे. मागील पानाप्रमाणे.
न हलणाऱ्याला इथे काही मिळत नाही;
शेवटची पूर्ण फ्रेम आली तेव्हा पदरात पडलेला चेहरा
तो अजून वापरतोय.

शर्यत सुटते.
त्याचा नर कडेला आहे, कानावर तीन खाचा,
चौदा वर्षांचा, आता यापुढे धावणार नाही.
व्हॅनच्या काचेतून रिस्टेनला दिसतं,
म्हाताऱ्याचे ओठ हलताहेत. नाव घेतोय तो त्याचं,
पुन्हा, पुन्हा.

पडद्यावर ओठ मिटलेले.
हालचाल इतकी बारीक
की भागल्यावर शून्य आली.

ती बटणांवरून बोटं फिरवते. सगळी आधीच दाबलेली.
मग माइकवर:
"निल्लास, म्हाताऱ्यावर ये. अ‍ॅपर्चर पूर्ण उघड.
मागचा बर्फ धूसर होऊ दे."
"लोक बर्फ बघायला बसलेत."
"त्यांच्या दारात पडलाय तो."

कण कणात मिसळतात, पाणी घातलेल्या दुधासारखे,
मोजायला काही उरत नाही,
आणि कारकून, हात रिकामे म्हणून,
चेहऱ्याकडे वळतो.
आधी भुवया येतात.
मग हनुवटीवरचे खुंट, एक पांढरा, एक करडा.
मग खालच्या ओठावरची उललेली चीर
आणि तिच्यातून, अगदी थोडं, ते नाव.

नर चौथा आला.
त्याचा शॉट कोणाकडेच नाही.

"हं, आता ठीक," तोर्गेइर म्हणाला. "काय केलंस?"
"बर्फाचा पगार कापला."

बाहेर तो पडतच होता,
एकेक कण, पूर्ण दर्जाचा.