चोवीस नंबर

तुर्भ्याच्या मसाला मार्केटात
स्विच उघडला की आधी शिंक येते.
पंख्याच्या पात्यांवर तिखटाचा लाल थर,
जाळीत हळद.
नाकाला ओढणी बांधून मी ब्रश फिरवते,
आणि खालून वेलजीशेठ :
"बंद नको करू हां, बिलं अडकलीयेत."

बिलं सकाळपासूनच अडकलीयेत.
चोवीसच्या चोवीस दिवे एकदम लुकलुकतायत,
हिरवे, दम न घेता.
नवख्याला वाटेल, काय जोरात काम चाललंय.
हे काम नाही, हा ताप आहे.
आत एकच हाक फिरतेय,
कोण आहेस, कोण आहेस,
आणि मागच्या दारानं परत येऊन
स्वतःलाच विचारतेय, कोण आहेस.
काटा गप्प. गेटपासचा प्रिंटर गप्प.
वेलदोड्याचा टेम्पो इंजिन चालू ठेवून उभा.

स्विच साधा, स्वस्तातला.
आपलीच हाक ओळखण्याइतकी अक्कल
त्याला दिलेली नाही.

मग जुनाच उपाय : एकेक काढायचं आणि बघायचं.
एक. काही नाही, परत लाव.
दोन. तीन.
वायरींवर डाबरेकाकांच्या अक्षरातल्या चिकटपट्ट्या :
काटा. मागचा कॅमेरा. शेठ घर, विचारून.
सातव्या भोकावर नुसतंच : नको.
काका जाऊन चार वर्षं झाली.
का नको, ते विचारायचं राहून गेलं.
मी आठवर जाते.

एकोणीस काढली
आणि दिवे निवले.
विझले नाहीत, थबकत थबकत लुकलुकू लागले,
एक बोलतोय, दुसरा ऐकून घेतोय.
खाली प्रिंटर खरखरला.

वायर हाताशी धरून मी मागोमाग गेले,
धण्याच्या पोत्यांमागून, मीटरच्या पेटीवरून,
तर ती फिरून इथेच,
चोवीस नंबरात.
दोन्ही टोकं एकाच घरात.

"ती मीनं लावली,"
झिपरू भोईर म्हणाला, झाडू छातीशी धरून.
"खाली लोंबत व्हती.
मना वाटला, कुनाची तरी सुटलीय.
एक भोक रिकामा दिसला."

शिडीच्या पायथ्याशी शेठचा चेहरा वर झालेला.
"काय होतं गं?"
"धूळ," मी म्हटलं.
खोटं नव्हतं अगदीच; डबाभर निघाली होती.
रिपोर्टमध्येही तेच लिहिलं,
कारण : धूळ. उपाय : सफाई.
झिपरूनं काही न बोलता
शिडी धरली, मी उतरेपर्यंत.

उतरण्याआधी मात्र
चोवीस नंबरावर पट्टी चिकटवली,
पेन झटकलं,
पूर्ण वाक्य लिहायला जागा नव्हती.
नको, एवढंच मावलं.

मग सातव्या भोकाकडे
जरा वेळ बघत राहिले.
डोळे चुरचुरत होते,
तिखट.