फणी

सेकंड शिफ्ट सुटून आलो तेव्हा
सिडकोच्या गल्लीत सगळी दारं लावलेली.
जिन्याखाली द्राक्षांच्या क्रेटमध्ये तीन पिल्लं
एकमेकांत अशी अडकलेली
की कळेना कुणाचा पाय कुणाचा.
आई टाकीवर बसून मान खाजवत होती,
माझ्याकडे बघत, खाजवणं न थांबवता.

सकाळी गायधनी काकू कठड्यावरून म्हणाल्या,
'अहो, पिसवा झाल्यात त्यांना.
आमच्या टायगरची पावडर आहे, देऊ?'
मी नको म्हणालो. जरा मोठ्यानेच.
त्या आत गेल्या.

डॉक्टर खैरनारांनी एकेकाला काट्यावर ठेवलं.
सगळ्यात लहानगी चारशे दहा ग्रॅम,
म्हणजे पाव किलो मटार आणि वर थोडी मिरची.
'थेंब नाही, पावडर नाही, गळ्यातला पट्टा नाही,
घरगुती तेलबिल तर नाहीच.
आईला मी औषध देतो, पिल्लांना नाही.
कोमट पाणी, फणी आणि तुमची बोटं.'
मग लहानगीचा ओठ वर करून दाखवला:
'हिरड्या गुलाबी आहेत तोवर घरी.
पांढऱ्या पडल्या तर वेळ बघू नका.'

फणी घरात होती.
मुलीच्या उवांसाठी भद्रकालीतून आणलेली, लाकडी,
दोन दात तुटके.
ती गुडघ्यांत धरलेली, रडणारी,
आता पुण्यात असते, केस कानापर्यंत कापलेले.

निफाडला पारा सहावर, आणि तीच थंडी इथे न्हाणीत.
दार लावलं. पाण्यात कोपर बुडवून पाहिलं,
बाळाच्या पाण्याला बघतात तसं.
आधी गळ्याभोवती साबणाचं कडं,
म्हणजे पिसवा पळून कानात चढत नाहीत.
डोकं कोरडं. एका वेळी एकच.
सातपूरला मी लेथवर असतो,
शाफ्ट दोन शतांशाने चुकला तरी माल परत येतो.
ही बोटं इतकी सावकाश
मी आजवर कशावरच चालवली नव्हती.

पहिल्या फणीत अकरा.
साबणाच्या वाटीत टाकल्या की बुडतात,
साध्या पाण्यात नाही, हे आजच कळलं.
आणि ती मिरपूड, केसांच्या मुळाशी,
ओल्या कापसावर ठेवली तर लाल पसरते.
एवढ्याशा अंगातून
किती नेलं त्यांनी.

मागल्या माघात एक काळं होतं.
टायगरचीच पावडर, मीच मागून आणलेली. चिमूटभर.
डब्यावर कुत्र्याचं चित्र होतं.
मला वाटलं, जनावर ते जनावर.
तासाभरात ते थरथरायला लागलं
आणि मी, थंडी वाजत असेल म्हणून,
त्याला टॉवेलात गुंडाळून
मांडीवर घेऊन बसलो.
बराच वेळ बसलो.
काकूंनी विचारलं तेव्हा म्हणालो,
'अशक्तच होतं.'

तिन्ही आता कोरडी.
मोज्यात गरम पाण्याची बाटली, तिला टेकून झोपलीत.
क्रेटमधली चिंधी उकळत्या पाण्यात टाकली,
दर दोन दिवसांनी टाकायची,
फणी रोज, पिल्लं मोठी होईपर्यंत.
आई आली, एकेकीचा वास घेतला,
साबण काही पटला नाही तिला.
पहिल्यापासून चाटायला बसली,
माझं सगळं काम रद्द करत.

चिंध्या कमी पडतील.
संध्याकाळी काकूंच्या दारात गेलो.
जुनी चादर आहे का, विचारलं.
त्यांनी दोन दिल्या, वर विचारलं, 'जगतील ना?'
म्हटलं, हिरड्या गुलाबी आहेत.
चार पायऱ्या उतरलो.
चादरी कठड्यावर ठेवल्या
आणि परत चढलो.